तारेवरची बस आणि सक्करदऱ्याचा थांबा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये एका मुलाखतीत नागपूरच्या रिंगरोडसाठी एक नवी कल्पना मांडली. १३२ आसनांची, विजेवर चालणारी जोडबस. सुमारे ४९ किलोमीटरचा मार्ग. चाळीस किलोमीटर धावल्यावर थांब्यावर अवघी चाळीस सेकंद थांबून बॅटरी भरून घ्यायची आणि पुढे निघायचे, असे तिचे स्वरूप त्यांनी सांगितले. प्रति किलोमीटर खर्च ३५ ते ४० रुपये येईल, असा हिशेबही दिला. या बसचे मूळ सांगताना त्यांनी झेक प्रजासत्ताकात पाहिलेल्या ट्रॉलीबसचा दाखला दिला. त्यामुळे महाराष्ट्रात अर्धशतकापूर्वी हद्दपार झालेला एक शब्द पुन्हा बातम्यांत आला.

ट्रॉलीबस म्हणजे काय, हे आज पन्नाशीच्या आतल्या मराठी वाचकाला समजावून सांगावे लागते. रस्त्यावर रबरी टायरवर धावणारी, पण डोक्यावरच्या विजेच्या तारांतून सतत वीज घेणारी ही बस. ट्रॅमला एक तार पुरते, कारण वीज परत जाण्यासाठी खाली लोखंडी रूळ असतात. ट्रॉलीबसला रूळ नसतात आणि टायर विजेला वाट देत नाहीत, म्हणून तिला वर दोन तारा लागतात आणि टपावर दोन लांब दांडे. हे दांडे तारांवर घसरत जातात. चालकाला रस्त्याच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना काही मीटर सरकण्याची मोकळीक असते. ती ओलांडली की दांडे तारेवरून निसटतात, बस जागच्या जागी उभी राहते आणि वाहकाला खाली उतरून ते पुन्हा तारेला लावावे लागतात. वेर्नर फॉन सीमेन्सने २९ एप्रिल १८८२ रोजी बर्लिनजवळच्या हालेनझे येथे अशी पहिली गाडी चालवून दाखवली. म्हणजे विजेवरची बस हा एकविसाव्या शतकाचा शोध आहे, हा समज मुळातच चुकीचा आहे.

महाराष्ट्रात ही बस धावली ती मुंबईत. ११ जून १९६२ रोजी बेस्टने गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू केली. हा पूर्वी ट्रॅमचा गर्दीचा मार्ग होता. शहराच्या पश्चिम बाजूपासून पूर्वेच्या गोदीपर्यंत आडवा जाणारा, दाट वस्तीतून आणि कामगारांच्या रहदारीतून वाट काढणारा. ट्रॅमचे दिवस तेव्हा भरत आले होते. ७ मे १९०७ रोजी विजेवर धावू लागलेली मुंबईची ट्रॅम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदर ते दादर ही शेवटची फेरी करून थांबली. ट्रॅमचे रूळ काढायचे, पण वीज सोडायची नाही, असा मधला मार्ग म्हणून ट्रॉलीबसकडे पाहिले गेले असणार. बेस्टला ते सोयीचेही होते. शहराला वीज पुरवणारी आणि शहराची बस चालवणारी संस्था एकच होती. १९४७ पासून ती महापालिकेच्या मालकीची होती. तार कोणाची आणि तिच्याखालची गाडी कोणाची, हा वादच उद्भवत नव्हता.

तरीही २४ मार्च १९७१ रोजी ही सेवा बंद झाली. जेमतेम पावणेनऊ वर्षे ती चालली. गाड्या होत्या फक्त बारा. त्या झिजल्या, यंत्रबिघाड वाढले आणि त्या काढून टाकण्यात आल्या, एवढेच कारण नोंदले गेले आहे. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही. झिजलेल्या डिझेल बसच्या जागी नवी डिझेल बस येते. मार्ग बंद होत नाही. ट्रॉलीबसच्या बाबतीत गाडीबरोबर मार्गाची तारही गेली आणि ती कल्पनाही गेली.

याचा उलगडा त्या बारा या आकड्यात आहे. शेकडो डिझेल बस बाळगणाऱ्या संस्थेत बारा निराळ्या गाड्या म्हणजे निराळे सुटे भाग, निराळे कारागीर, तारांची देखभाल करणारी निराळी तुकडी आणि हे सारे एका मार्गासाठी. बाराच्या बारा गाड्या एकदमच रस्त्यावर आल्या होत्या, त्यामुळे त्या म्हाताऱ्याही एकदमच झाल्या. त्या वेळी बेस्टपुढे दोनच पर्याय उरले असतील: नव्याने गाड्या मागवून आणि तारा वाढवून ट्रॉलीबसचे जाळे उभे करायचे, किंवा हिशेब मिटवायचा. डिझेल स्वस्त असताना दुसरा पर्याय निवडणाऱ्यांना दोष देणे सोपे नाही. नियतीचा विनोद एवढाच, की त्यानंतर अडीच वर्षांत, ऑक्टोबर १९७३ मध्ये, तेलसंकट आले आणि जगभर इंधनाचे भाव भडकले. तोवर गवालिया टँकच्या तारा उतरल्या होत्या.

काळाचा प्रवाहही मुंबईच्या विरुद्ध होता. लंडनची शेवटची ट्रॉलीबस ८ मे १९६२ रोजी धावली. तिच्या बरोबर चौतीस दिवसांनी मुंबईची पहिली निघाली. दिल्लीत १९३० च्या दशकापासून चालणारी ट्रॉलीबसही साठच्या दशकाच्या आरंभी संपली. कोलंबोने १९६४ मध्ये आपली बंद केली. जग ज्या गाडीतून उतरत होते तीत मुंबई चढत होती. अर्थात, उतरणारे सारे शहाणे होते असे म्हणता येत नाही. शांघायने १९१४ मध्ये सुरू केलेली ट्रॉलीबस कधी बंद केलीच नाही. सॅन फ्रान्सिस्कोने आपल्या चढउतारांवर ती टिकवली, कारण चढावर विजेच्या मोटारीचा जोर डिझेलला भारी पडतो आणि तिला बॅटरीचे ओझेही वाहावे लागत नाही. इंग्लंडमध्ये ब्रॅडफर्डची सेवा १९७२ मध्ये थांबली, पण सँडटॉफ्ट येथे हौशी मंडळींनी जुन्या गाड्या गोळा करून त्यांच्यासाठी तारा उभ्या केल्या. लोक तेथे तिकीट काढून त्यांत बसतात. मुंबईच्या बारांपैकी एकही गाडी अशी तारेखाली धावताना पाहण्याची सोय आपल्याकडे नाही. वाहनांबद्दलची आपली आस्था राजेरजवाड्यांच्या मोटारींपाशी थांबते. कामगार ज्या बसमधून गोदीत जात, ती जपावी असे फारसे कोणाला वाटले नाही.

प्रागची माघार आणि पुनरागमन

ज्या देशाचा दाखला दिला गेला, त्या झेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग हिची कथा या चर्चेला अधिक उपयोगी आहे. प्रागने १५ ऑक्टोबर १९७२ रोजी ट्रॉलीबस बंद केली. म्हणजे मुंबईनंतर दीड वर्षाने. मग २०१७ मध्ये, पंचेचाळीस वर्षांनी, ती परत आणली. आधी एका चढाच्या रस्त्यापुरतीच तार ओढली. बस त्या तारेखाली चढ चढते आणि चढता चढताच तिची बॅटरी भरते. पुढच्या सपाट रस्त्यावर दांडे खाली घेऊन ती बॅटरीवर धावते. हा प्रयोग टिकला, म्हणून २०२४ मध्ये विमानतळाच्या मार्गावर जवळजवळ पंचवीस मीटर लांबीच्या, दोन ठिकाणी जोडलेल्या ट्रॉलीबस आल्या. नागपूरच्या नियोजित बसचे वर्णन ज्या गाडीशी जुळते, ती हीच जात.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडील बातम्यांत तो सर्रास पुसला जातो. प्रागची बस धावता धावता तारेतून वीज घेते. नागपूरसाठी सांगितली गेलेली बस धावताना तारेला लागत नाही. ती ठरावीक थांब्यांवर वरच्या जोडणीतून काही सेकंदांत मोठ्या दाबाने वीज घेते. जिनिव्हाच्या २३ क्रमांकाच्या मार्गावर अशी बस आहे. प्रवासी चढेउतरेपर्यंत, पंधरा-वीस सेकंदांत, तिला ६०० किलोवॉट क्षमतेच्या यंत्रणेतून वीज मिळते. पहिल्या प्रकारात रस्त्यावर तारा दिसतात, पण वीज थोडीथोडी आणि सतत घेतली जाते. दुसऱ्यात रस्ता मोकळा राहतो, पण थांब्यावर क्षणात प्रचंड वीज लागते आणि तेथील उपकरण नादुरुस्त झाले तर साऱ्या मार्गाची घडी विस्कटते. तिसरा प्रकार आज भारतभर वाढतो आहे: आगारात रात्री बॅटरी भरायची आणि दिवसभर धावायचे. मुंबईत बेस्टने २०१७ मध्ये अशा बस रस्त्यावर आणल्या. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या पीएम-ई-बस सेवा योजनेतील दहा हजार बसही याच प्रकारच्या आहेत. तीनही प्रकारांना 'इलेक्ट्रिक बस' हे एकच नाव असले तरी त्यांचा शहराशी होणारा करार निरनिराळा असतो.

करार हा शब्द मुद्दाम वापरला आहे. आगारात बॅटरी भरणारी बस आज एका मार्गावर, उद्या दुसऱ्या. कंत्राटदाराने काढून घेतली तर परवा दुसऱ्या शहरात. तार मात्र हलत नाही. ज्या रस्त्यावर तार ओढली, त्या रस्त्यावर बस धावेल, असे महापालिकेने खांब रोवून लिहून दिलेले असते. तारेचा हा अडेलपणा तिच्या विरोधकांना दोष वाटतो. प्रवाशाच्या दृष्टीने तो गुण असू शकतो. सक्करदऱ्यासारख्या भागाच्या दृष्टीने तर नक्कीच.

मेट्रोने वगळलेला कोपरा

नागपूरच्या आग्नेयेकडचा हा भाग. भोसल्यांच्या काळापासूनचा. राजे रघुजीराव भोसले यांनी ताजुद्दीन बाबांना आपल्या सक्करदऱ्याच्या वाड्यात आणले, आणि १९२५ मध्ये बाबांच्या निधनानंतर उमरेड रस्त्यावर ताजबाग उभे राहिले. तलाव, बुधवारचा बाजार, जवळचे रेशीमबाग आणि हनुमाननगर, पुढे दिघोरी आणि त्यापुढे गेल्या वीस-पंचवीस वर्षांत उमरेड रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या वसाहती. सक्करदरा चौकातून हे सारे शहरात ये-जा करते. उमरेड, कुही, भिवापूर या तालुक्यांतून मेडिकलला, म्हणजे शासकीय वैद्यकीय रुग्णालयात येणाऱ्या रुग्णांचाही हाच रस्ता. उमरेडमार्गे नागभीडला जाणारी नॅरोगेज गाडी २०१९ मध्ये रूळ रुंदीकरणासाठी थांबली, तेव्हा या रस्त्यावरचा भार आणखी वाढला.

या भागाला मेट्रोने काय दिले? नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा केंद्राने ऑगस्ट २०१४ मध्ये ८,६८० कोटी रुपयांच्या अंदाजाने मंजूर केला. ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी आणि प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर असे दोन मार्ग सीताबर्डीला एकमेकांना छेदतात. मार्च २०१९ मध्ये पहिली गाडी धावली आणि डिसेंबर २०२२ मध्ये टप्पा पूर्ण झाला. एक उत्तर-दक्षिण, दुसरा पूर्व-पश्चिम. नकाशावर हा क्रॉस काढला की चार कोपरे उरतात, आणि सक्करदरा त्यांतल्या आग्नेय कोपऱ्यात आहे. सर्वांत जवळचे स्थानकही तीन-चार किलोमीटरवर. डिसेंबर २०२२ मध्येच मंजूर झालेल्या ६,७०८ कोटींच्या, ४३.८ किलोमीटरच्या दुसऱ्या टप्प्याने हेच दोन मार्ग चारही टोकांना आणखी लांबवले: कन्हान, बुटीबोरी, ट्रान्सपोर्टनगर, हिंगणा. क्रॉस मोठा झाला. कोपरे तसेच राहिले. या कोपऱ्याच्या वाट्याला उड्डाणपूल आले आहेत. सक्करदऱ्याचा आधीच होता. इंदोरा ते दिघोरी हा सुमारे नऊ किलोमीटरचा आणखी एक अलीकडच्या वर्षांत हाती घेण्यात आला. पुलावरून मोटारी जातील. बसची वाट पाहणारा माणूस पुलाखाली उभा असतो.

आणि बसचा अनुभव? नागपूरची शहर बससेवा दीर्घकाळ एसटी महामंडळाकडे होती. २००७ च्या सुमारास ती महापालिकेच्या वतीने खासगी कंपनीकडे गेली आणि लोकांच्या तोंडी 'स्टारबस' हे नाव बसले. २०१६-१७ मध्ये नवे कंत्राटदार, नवा रंग आणि 'आपली बस' हे नवे नाव आले. प्रत्येक बदलात मार्गांची फेरआखणी झाली, काही फेऱ्या वाढल्या, काही गळाल्या. थकीत देयकांवरून चालक-वाहकांनी केलेली काम बंद आंदोलने नागपूरकरांना नवी नाहीत. २०११ च्या जनगणनेनुसार चोवीस लाखांची वस्ती असलेल्या शहरात याचा परिणाम व्हायचा तोच झाला: ज्याला शक्य झाले त्याने दुचाकी घेतली. बसमध्ये उरले ते विद्यार्थी, वृद्ध, धुणीभांडी करणाऱ्या बाया, मेडिकलला येणारे रुग्ण आणि त्यांच्याबरोबरचे नातेवाईक. त्यांना बस कोणत्या इंधनावर चालते यापेक्षा ती कधी येते याची चिंता अधिक.

प्रयोगांचे शहर

नागपूरला पहिलेपणाची हौस आहे आणि तिचा इतिहास तपासण्यासारखा आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये स्कॅनिया कंपनीची इथेनॉलवर चालणारी बस देशात प्रथम नागपुरात धावली. 'ग्रीन बस' म्हणून तिचा गाजावाजा झाला. ५५ बसचा ताफा येणार होता. हिरव्या रंगाच्या त्या देखण्या वातानुकूलित गाड्यांना प्रवाशांनी नावे ठेवली नाहीत. ऑगस्ट २०१८ मध्ये मात्र देणी आणि करारातील अटी यांवरून वाद विकोपाला जाऊन सेवा थांबली, तेव्हा रस्त्यावरच्या गाड्या ५५ च्या निम्म्याही नव्हत्या. मे २०१७ मध्ये विजेवरच्या टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोगही नागपुरातच झाला. सुमारे दोनशे वाहनांनिशी सुरू झालेल्या या सेवेत चालकांचे तास चार्जिंगच्या रांगेत जाऊ लागले आणि अनेकांनी पुन्हा डिझेलच्या गाड्या धरल्या.

या दोन्ही प्रयोगांत यंत्र नापास झाले नव्हते. इथेनॉलचे इंजिन चालत होते, विजेची मोटार चालत होती. तुटले ते यंत्राच्या मागे असावे लागणारे जाळे: पैशाचा नियमित ओघ, सुसज्ज आगार, पुरेशी चार्जिंग केंद्रे, वाहने थकली की नवी आणण्याची तजवीज. मुंबईच्या बारा ट्रॉलीबसचेही हेच झाले होते. फरक इतकाच, की मुंबईत वीज आणि बस एका छताखाली असूनही प्रयोग पावणेनऊ वर्षांत आटोपला. नागपुरात तर ती छतेही वेगवेगळी आहेत. बस महापालिकेची, मेट्रो महामेट्रोची, वीज महावितरणची. रिंगरोड, उड्डाणपूल आणि शहरातील रस्ते यांचे धनी पुन्हा निराळे. शहराच्या मोठ्या भागाचे वीजवितरण २०११ ते २०१९ या काळात खासगी फ्रँचायझीकडे होते आणि नंतर परत महावितरणकडे आले. बससाठी तार किंवा थांब्यावरचे चार्जर बसवले आणि एखाद्या मे महिन्याच्या दुपारी ते बंद पडले, तर धावून कोण जाणार?

शेजारच्या काठमांडूने या प्रश्नाचे उत्तर महागात शिकून घेतले. चीनच्या मदतीने २८ डिसेंबर १९७५ रोजी त्रिपुरेश्वर ते सूर्यविनायक हा सुमारे तेरा किलोमीटरचा ट्रॉलीबस मार्ग सुरू झाला. नेपाळकडे जलविद्युत होती, तेल नव्हते. ट्रॉलीबससाठी याहून योग्य देश सापडणे अवघड. पहिली काही वर्षे सेवा नफ्यात चालली. पुढे नोकरभरतीचा बोजा, देखभालीची हयगय आणि थकलेली देणी यांनी तिला घेरले. २००१ मध्ये ती थांबली, २००३ मध्ये तीन नगरपालिकांनी मिळून अर्ध्या मार्गावर तिला पुन्हा उभे केले आणि २००८ च्या अखेरीस ती कायमची बंद पडली. वीज स्वस्त होती, गाड्या होत्या, प्रवासीही होते. जबाबदारी मात्र तिघांची, म्हणजे कोणाचीच नाही.

हे सारे पाहता ट्रॉलीबस ही जुनाट कल्पना म्हणून झटकून टाकावी काय? तसे करण्याचे कारण नाही. नागपूरच्या हवामानात तिच्या बाजूने एक मुद्दा आहे, जो चर्चेत फारसा येत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा बॅटरीवरच्या वातानुकूलित बसची बरीच शक्ती प्रवाशांना थंड ठेवण्यात खर्च होते; शिवाय अति उष्णता बॅटरीच्या आयुष्याला घातक. तारेतून वीज घेणाऱ्या बसला थंड हवेसाठी पल्ल्यात कपात सोसावी लागत नाही आणि तिची बॅटरी लहान असली तरी भागते. बॅटरी हाच विजेच्या बसचा सर्वांत महाग भाग असल्याने हा फरक किरकोळ नव्हे. धुराचे म्हणाल, तर तो कोराडी आणि खापरखेड्याच्या चिमण्यांतून निघतच राहील. सक्करदऱ्याहून निघणारा रस्ता ज्या उमरेडला जातो, तेथे वेकोलिच्या कोळशाच्या खाणी आहेत. नागपूरची विजेची बस काही वर्षे तरी कोळशावरच चालणार, हे मान्य करूनच तिची भलामण करावी. शहराच्या चौकातला धूर कमी होतो, आणि ते उन्हात थांब्यावर उभ्या असलेल्या माणसासाठी थोडे नाही.

तारेला होणारा विरोधही समजून घेण्याजोगा आहे. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी महाल-इतवारीतून निघणाऱ्या काळ्या-पिवळ्या मारबती आणि बडगे, रामनवमीचे चित्ररथ, गणेशमूर्तींच्या मिरवणुका, ताजबागचा उर्स या सर्वांना डोक्यावरचे आकाश मोकळे लागते. पण तार रस्त्याच्या सगळ्या लांबीवर हवी, हा आग्रह प्रागनेच मोडून काढला आहे. दिघोरी ते सक्करदरा या रुंद पट्ट्यात तार ठेवावी आणि पुढे मेडिकल चौकातून बर्डीपर्यंतच्या दाट वस्तीत बसने बॅटरीवर जावे, अशी विभागणी करता येते. बर्डीला मेट्रोचे दोन्ही मार्ग भेटतात. मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचा खर्च मूळ अंदाजानेच किलोमीटरमागे सव्वादोनशे कोटींच्या घरात गेला होता. रस्त्यावर खांब, दोन तारा आणि दर दोन-तीन किलोमीटरवर एक छोटे वीज उपकेंद्र यांना त्याचा फार लहान अंश लागतो. जो कोपरा मेट्रोने दोनदा वगळला, तेथे हा हिशेब मांडून पाहायला हरकत कोणती?

रिंगरोडच्या योजनेत हा हिशेब दिसत नाही, ही तिची खरी उणीव. रिंगरोडवरची १३२ आसनांची बस दिघोरी, मानेवाडा, छत्रपती चौक अशी शहराला वळसा घालील. छत्रपती चौकात तिला मेट्रो भेटेल, हे चांगलेच. पण नागपूरची बहुसंख्य रहदारी वळसा घालणारी नाही. ती बर्डीकडे, मेडिकलकडे, महालाकडे, म्हणजे कडेपासून मध्याकडे जाणारी आहे. सक्करदऱ्याच्या प्रवाशाला आधी दोन-तीन किलोमीटर उलट्या दिशेने दिघोरीला जाऊन ती आलिशान बस पकडावी लागेल, आणि ती त्याला जेथे जायचे आहे तेथे नेणार नाही. गवालिया टँक ते माझगाव हा मार्ग निदान लोकांच्या रोजच्या वाटेवर होता. मुंबईने चुकीच्या काळात, तोकड्या संख्येने, पण योग्य रस्त्यावर प्रयोग केला. नागपूरजवळ काळ अनुकूल आहे, तंत्र अधिक पक्व आहे आणि दिल्लीत वजन असलेला मंत्री आहे. रस्ता तेवढा चुकण्याची शक्यता आहे.

आसनांची संख्या, आसनांपुढचे पडदे, विमानासारखी सेवा यांवर घोषणेचा भर असला, तरी कंत्राटाचा मसुदा वाचताना वेगळ्या गोष्टी शोधाव्या लागतील. गाड्या किती घेणार, आणि त्या सगळ्या एकदम घेणार की टप्प्याटप्प्याने, म्हणजे एकदम म्हाताऱ्या होणार नाहीत? थांब्यावरील वीजयंत्रणा कंत्राटदाराची की महापालिकेची? कंत्राटदार बदलला तर ती जागेवर राहणार का? देयक थकले तर बस उभी राहू नये म्हणून वेगळ्या खात्यात रक्कम ठेवणार का? ग्रीन बसच्या वेळी हे प्रश्न सेवा कोसळल्यावर विचारले गेले.

सक्करदऱ्यापुरता विचार केला तर एक गोष्ट तातडीची आहे. इंदोरा-दिघोरी उड्डाणपुलाच्या निमित्ताने या भागातील रस्त्यांची, दिव्यांच्या खांबांची आणि जमिनीखालच्या वाहिन्यांची उलथापालथ होते आहे. पुढेमागे तार येवो अथवा थांब्यावरचा चार्जर, दोहोंना उपकेंद्रासाठी जागा, जमिनीखाली वीजवाहिनी आणि पुलाखाली पुरेशी उंची लागेल. ही तरतूद आराखड्यात आता ठेवली तर तिचा खर्च पुलाच्या खर्चात दिसणारही नाही. दहा वर्षांनी ठेवायची झाली तर तोच रस्ता पुन्हा खोदावा लागेल. पुलाखालच्या जागेत वाहनतळ आणि सुशोभीकरण यांपलीकडे काय करायचे, हे ठरवताना महापालिकेच्या परिवहन विभागाचा अधिकारी त्या बैठकीला बोलावला जातो का, एवढे जरी तपासले तरी बरेच कळेल.